दोन शाळा, एक एक्सेल शीट आणि वहिनींचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही नेमकं काय मोजणार आहात?" मी तेव्हा पाठ केलेलं उत्तर देऊन सुटलो होतो. प्रश्न खरा कळला तो दुसऱ्या वर्षाला असताना, घरी.

२०२३ चा मे महिना. पुतणीला पहिलीत घालायचं होतं. पर्याय दोन, दोन्ही जिल्हा परिषदेच्या शाळा. एक वस्तीवरची: पहिली ते चौथी, पट २२, शिक्षक दोन, घरापासून चालत दहा मिनिटं. दुसरी बाजारपेठेतली केंद्रशाळा: पहिली ते सातवी, पट १६१, शिक्षक सहा, अंतर अडीच किलोमीटर आणि मध्ये हायवे. दादा म्हणाला, "तू शिक्षणावरच संशोधन करतोस ना? मग बघून सांग."

मी लगेच एक्सेल उघडलं. तुम्हीही तेच केलं असतं. म्हणून आज माझ्याच त्या शीटची चिरफाड करतो. तुमच्या प्रपोजलमध्ये याच चुका वेगळ्या कपड्यांत येणार आहेत.

माहिती मिळवणं सोपं होतं. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड मिळतं: पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, वीज, संगणक, ग्रंथालय, संरक्षक भिंत. मी प्रत्येक गोष्टीला गुण दिले, गुणांना वजन दिलं आणि बेरीज केली. केंद्रशाळा आरामात जिंकली. मग सहज म्हणून विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचं वजन दुप्पट केलं, तर वस्तीशाळा पुढे गेली! शाळा त्याच, माहिती तीच, फक्त माझा एक आकडा बदलला.

इथे थांबा. निर्देशांक बनवताना वजन कुठून आलं याचं उत्तर नसेल, तर क्रमवारी ही तुमच्या मताचीच दशांश चिन्ह लावलेली आवृत्ती असते. निदान वजन बदलून क्रम टिकतो का, एवढं तरी तपासा आणि टिकत नसेल तर तसं लिहा.

आता ते प्रमाणच बघू. वस्तीशाळेत ११ मुलांमागे एक शिक्षक, केंद्रशाळेत साधारण २७ मुलांमागे एक. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी ३० ची मर्यादा आहे, म्हणजे दोन्ही पास. पण वस्तीशाळेत चार इयत्ता आणि दोन शिक्षक. म्हणजे प्रत्येक शिक्षक एकाच वेळी दोन इयत्तांना शिकवतो. ११ हा आकडा खरा आहे, पण "मुलाला शिक्षकाचा किती वेळ मिळतो" या प्रश्नाचं ते उत्तर नाही. गणित बरोबर आणि अर्थ चुकीचा, असं संशोधनात फार होतं.

शीटमध्ये आणखी एक रकाना होता: शिष्यवृत्ती. केंद्रशाळेच्या भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा फलक आहे. वस्तीशाळेपुढे मी शून्य लिहिलं. तेव्हा ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होती, आणि वस्तीशाळेत पाचवीच नाही! मोजून आलेलं शून्य आणि जिथे मोजताच येत नाही तिथलं शून्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या डेटामधलं प्रत्येक शून्य यातलं कोणतं, हे आधी ठरवा. आणि फलकावर नावं असतात, छेद नसतो. परीक्षेला किती बसले, कोणाला बसवलं, कोणाची बाहेर शिकवणी होती, हे तिथे लिहिलेलं नसतं.

शीट दाखवली तेव्हा वहिनींनी ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "भाऊजी, तिथली मुलं वाचतात का, ते यात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं.

यात यू-डायसला दोष देऊ नका. खोल्या कुठे कमी आहेत, शिक्षक कुठे हवेत, हे सरकारला कळावं म्हणून ती माहिती गोळा होते. त्या कामाला ती उपयोगी आहे. एका कामासाठी गोळा केलेली माहिती मी दुसऱ्याच कामाला जुंपली होती.

मग मी 'असर'कडे वळलो. २०२२ च्या असरनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. आकडा महत्त्वाचा, पण असरची रचना जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं अशी असते. मुलांची चाचणी घरी जाऊन घेतात. त्यातून जिल्ह्याचं चित्र मिळतं, आमच्या वस्तीवरच्या शाळेचं नाही.

समजा शाळेचे निकाल मिळाले असते, तरी? १९६६ च्या कोलमन अहवालापासून एक वाद चालू आहे: मुलांच्या गुणांतला फरक किती घराचा आणि किती शाळेचा? बाजारपेठेतल्या दुकानदारांची मुलं आणि वस्तीवरच्या ऊसतोड मजुरांची मुलं यांची सरासरी शेजारी ठेवली, तर मोठा भाग घरांचीच तुलना होते. शाळेने काय दिलं हे बघायचं तर मूल आलं तेव्हा कुठे होतं, तेही हवं.

शिवाय संख्या लहान. समजा तिसरीत पाचच मुलं आहेत आणि चार वाचतात: ८० टक्के. त्यातलं एक कारखान्याच्या हंगामात आईबापाबरोबर गेलं की पुढचा आकडा ७५. न वाचणारं गेलं, तर थेट १००. शिक्षक तेच, शिकवणंही तेच. टॉमस केन आणि डग्लस स्टायगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या शाळांच्या गुणांबद्दल हेच दाखवलं: यादीच्या वरच्या टोकाला लहान शाळा जास्त दिसतात आणि खालच्या टोकालाही. लहान शाळेचा एका वर्षाचा निकाल पाहून हुरळू नका आणि नाकही मुरडू नका.

शेवटी वहिनी दोन्ही शाळांत एकेक सकाळ जाऊन बसल्या. वस्तीशाळेतले एक गुरुजी त्या दिवशी दुसऱ्या कामावर होते, म्हणजे कागदावरचं ११ प्रत्यक्षात २२ झालं होतं आणि चारही इयत्ता एका बाईंकडे. पण बाईंनी तिसरीच्या मुलांना पहिलीच्या मुलांशेजारी बसवून वाचायला लावलं होतं, आणि मुलं वाचत होती. केंद्रशाळेत वर्ग वेगळे, फळे चांगले. पहिलीच्या बाई नुकत्याच बदलून आलेल्या, प्रेमाने बोलणाऱ्या. वहिनींनी वस्तीशाळा निवडली. सर्वात मोठं कारण हायवे.

एका सकाळचं निरीक्षण हाही छोटाच नमुना, हे मला कळतं. पण त्यांचा प्रश्न स्पष्ट होता आणि त्यांनी पाहिलेली गोष्ट त्या प्रश्नाची होती. माझ्याकडे रकाने सतरा होते आणि प्रश्न एकही नव्हता.

निवड बरोबर ठरली का, असं मित्र विचारतात. पुतणी आज छान वाचते. पण ती केंद्रशाळेत गेली असती तर काय झालं असतं, हे कोणालाच दिसणार नाही. एक मूल एका वेळी एकाच शाळेत जातं. कार्यकारणभावाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. मी पहिली शीट तशीच दादाला देऊन मोकळा झालो असतो, तर पट २१ राहिला असता. चार घरांनी असंच केलं, की शाळाच धोक्यात. आपण केलेली तुलना शाळेच्या बाहेर राहत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या दोन सरकारी शाळांची रिपोर्ट कार्डं काढा. प्रत्येक आकड्यापुढे लिहा: हा इमारतीबद्दल आहे, येणाऱ्या मुलांबद्दल, की शिकवण्याबद्दल? मग तिसऱ्या रकान्यात किती उरलं ते बघा. प्रपोजल लिहायला त्यानंतर बसा.