पाळण्याचे दोन अर्थ : अपत्यमुक्त प्रौढांचा खेळ आणि भारतीय कथनपरंपरा

१

मराठीत 'पाळणा' हा शब्द दोन वस्तूंसाठी वापरला जातो. एक घरातला, ज्यात तान्हे मूल निजते. दुसरा जत्रेतला, ज्यात बसून माणसे वर जातात आणि खाली येतात. हिंदीत बाळाचा तो 'पालना' आणि जत्रेतला तो बहुधा 'झूला' किंवा 'हिंडोला'. इंग्रजीत तर जत्रेतल्या चक्राला त्याच्या अभियंत्याचे नाव मिळाले आणि पाळण्याशी त्याचा काही संबंध उरला नाही. मराठीने मात्र दोन्ही वस्तू एकाच शब्दात ठेवल्या. 'घरात पाळणा हलला' म्हणजे मूल झाले. 'पाळणा लांबवणे' हा कुटुंबनियोजनाच्या प्रचाराने रूढ केलेला शब्दप्रयोग. 'पाळण्यात बसायला गेलो' असे मात्र जत्रेहून परतलेला प्रौढही सहज म्हणतो.

मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेली आणि मनोरंजन-उद्यानात आवडीने, स्वतःसाठी जाणारी प्रौढ माणसे आज दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या पट्ट्यात अपरिचित राहिलेली नाहीत. त्यांच्याविषयी समाजशास्त्रीय विधाने करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रश्न वाङ्मयीन आहे. घरातला पाळणा नाकारून जत्रेतल्या पाळण्यात बसणाऱ्या या व्यक्तीला आपल्या कथनपरंपरेत कोणती जागा आहे? जागा नसेल, तर ती का नाही? मराठी, हिंदी आणि भारतीय इंग्रजी साहित्यातील काही संहितांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी येथे केली आहे.

२

आरंभ संज्ञांपासून करणे उचित ठरेल. मूल नसलेल्या व्यक्तीसाठी आपल्याकडे असलेले शब्द, म्हणजे निःसंतान, निपुत्रिक, अपत्यहीन, हे सारे अभावदर्शक आहेत. 'वांझ' हा शब्द तर केवळ स्त्रीच्या वाट्याला आला, आणि तो वर्णनापेक्षा दूषण म्हणूनच अधिक वापरला गेला. 'अपत्यमुक्त' हा अलीकडे घडवलेला शब्द 'हीन'च्या जागी 'मुक्त' ठेवतो; पण तो अजून पुस्तकीच आहे. शिवाय बाहेरून पाहणाऱ्याला 'हीन' आणि 'मुक्त' यांतला फरक दिसत नाही. ज्या स्त्रीला मूल हवे होते आणि झाले नाही, आणि जिला ते नकोच होते, या दोघींकडे समाज एकाच नजरेने पाहतो. त्यामुळे दुसरीने आनंद व्यक्त केला, तरी तो पहिलीच्या दुःखावरचे पांघरूण समजला जातो.

'अपत्य' या शब्दाची यास्काने निरुक्तात दिलेली व्युत्पत्ती या संदर्भात उद्बोधक आहे. त्याने दोन पर्याय दिले आहेत. दूरवर विस्तारते ते अपत्य, असा एक. आणि ज्याच्यामुळे पतन होत नाही ते अपत्य, असा दुसरा. आधुनिक भाषाशास्त्राला ही उपपत्ती मान्य होणार नाही. तथापि सांस्कृतिक साक्ष म्हणून तिचे मोल कमी होत नाही. संतती म्हणजे पडण्यापासून वाचवणारा आधार, ही कल्पना तिच्यात आहे. महाभारताच्या आदिपर्वातील जरत्कारूची कथा हीच कल्पना दृश्यरूपात मांडते. ब्रह्मचारी जरत्कारूला आपले पितर एका खड्ड्यात डोके खाली करून लोंबकळताना दिसतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या गवताचे मूळ उंदीर कुरतडतो आहे. वंशाचा शेवटचा तंतू विवाह करत नाही म्हणून ही अवस्था, असे ते सांगतात. जरत्कारू विवाह करतो, आस्तिकाचा जन्म होतो आणि पितर सुटतात.

निरपत्य माणूस म्हणजे उलटे लोंबकळणे आणि कोसळण्याचे भय, हे समीकरण आपल्या परंपरेत इतके जुने आहे. मनोरंजन-उद्यानातील सर्वाधिक पसंतीची यंत्रे नेमका हाच अनुभव देतात : उलटे टांगणे, उंचावरून कोसळणे, आणि मग सुखरूप जमिनीवर येणे. या साम्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे उघड आहे. मात्र परंपरेने ज्या पतनाला शिक्षा मानले, ते येथे ऐच्छिक, क्षणिक आणि सुखद होते, एवढे म्हणता येईल. पतनाचा अर्थच बदलतो.

३

आधुनिक भारतीय कथेत जत्रेची दोन चित्रे सुपरिचित आहेत. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' या कथेत हमीदजवळ तीन पैसे आहेत. लाकडी हत्ती-घोड्यांच्या चक्रावर एका पैशात पंचवीस फेऱ्या मिळतात. त्याचे मित्र बसतात. तो बसत नाही. तो आजीसाठी चिमटा घेतो. कथेच्या अखेरीस प्रेमचंद भूमिकांची अदलाबदल स्पष्टच सांगतात : मूल म्हाताऱ्याची भूमिका वठवते आणि म्हातारी अमीना लहान मुलगी होते. परंतु ही मुलगी होण्याची क्रिया रडण्यातून घडते, खेळण्यातून नव्हे. आजीला बालपण परत मिळते ते अश्रूंच्या रूपाने. चक्रावरची जागा तिच्यासाठी नाहीच.

मुल्कराज आनंद यांच्या 'द लॉस्ट चाइल्ड' या इंग्रजी कथेत रचना उलट आहे. मुलाला मिठाई, फुगे, फिरते चक्र सारे हवे असते. आईवडील हरवताच काहीच नको होते. ज्या चक्रासाठी त्याने हट्ट धरायचे ठरवले होते, तेच एक अनोळखी माणूस देऊ करतो तेव्हा मूल केवळ आईबापांचा धोशा लावते. जत्रेचे सारे सुख आईबापांच्या बोटाला धरलेले असल्याने बोट सुटताच तेही संपते.

दोन्ही कथांचा आशय वेगळा असला, तरी एक गृहीतक समान आहे. जत्रेतील आनंदाचा कर्ता मूल आणि त्याचा साक्षी प्रौढ. प्रौढ पैसे देतो, बोट धरतो, वाट पाहतो किंवा घरी थांबतो. तो स्वतः पाळण्यात बसत नाही. डिस्नेलँडची मूळकथाही याच साच्यातली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली फिरत्या घोड्यांवर बसल्या असता आपण बाकावर बसून होतो, आणि पालकांनाही मुलांबरोबर खेळता येईल अशी जागा हवी असे तेव्हा सुचले, असे वॉल्ट डिस्ने सांगत असे. १९५५ साली उघडलेल्या उद्यानाने प्रौढाला बाकावरून उठवले खरे. पण मुलाचे निमित्त त्याने कायम ठेवले. मूलच नसलेला प्रौढ या कथेतही नाही.

४

तथापि भारतीय परंपरेत प्रौढांचा खेळ नव्हता असे म्हणणे चुकीचे ठरेल. मंगळागौरीच्या रात्री नवविवाहिता फुगडी, झिम्मा, पिंगा खेळतात. नागपंचमीला झोके बांधले जातात; उत्तरेत श्रावणी तीजेला स्त्रिया झूल्यावर बसतात. दिल्लीपुरते पाहायचे, तर मेहरौलीची 'फूलवालों की सैर' हे ठळक उदाहरण आहे. दुसऱ्या अकबरशहाच्या काळात सुरू झालेल्या या उत्सवात आमरायांत झूले टांगले जात आणि राजघराण्यातील स्त्रियांपासून सामान्य नगरवासीयांपर्यंत सारे त्यात सामील होत. मिर्झा फरहतुल्ला बेग यांच्या उर्दू गद्याने त्याची स्मृती जपली आहे. १९४२ साली तो बंद पडला आणि साठच्या दशकाच्या आरंभी नेहरूंच्या प्रोत्साहनाने पुन्हा सुरू झाला. 'सैर' या शब्दात मुलाचे निमित्त नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

वारकरी परंपरेचा विचार अधिक महत्त्वाचा आहे. वारीच्या वाटेवर वयस्क स्त्रीपुरुष फुगडी घालतात. तुकोबांच्या गाथेत फुगडी, हमामा, टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी हे खेळ अभंगांचे विषय होतात. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा याने १९५८ साली खेळाचे चार प्रकार कल्पिले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. भोवळीविषयी त्याचे निरीक्षण असे, की मुलाला स्वतःभोवती गिरकी घेणे पुरते, प्रौढाला मात्र बलवान यंत्र लागते. म्हणून उद्योगयुगातील जत्रेच्या यंत्रांनीच प्रौढांच्या भोवळीला स्वतंत्र प्रकाराचा दर्जा दिला. दरवेशांच्या गिरकीची त्याला माहिती होती. परंतु तो विधी झाला. फुगडी या विभागणीत बसत नाही. ती यंत्राविना साधलेली प्रौढांची भोवळ आहे, आणि ती विधी नसून विधीच्या वाटेवर चाललेला खेळ आहे. मराठी उदाहरण येथे पाश्चात्त्य सिद्धान्ताला दुरुस्ती सुचवते.

मात्र या सर्व खेळांना एकेक परवाना आहे. मंगळागौरीला सौभाग्याच्या व्रताचा, वारीला भक्तीचा. वारकरी विठोबाला 'माउली' म्हणतो. म्हणजे तो स्वतः लेकरू होऊन खेळतो. मूल निमित्त म्हणून सोबत नसले, तरी भूमिका म्हणून असतेच. मूल नाही, व्रत नाही, देवही नाही, तरीही मी खेळतो, असे म्हणणारा प्रौढ या परंपरेलाही नवीनच आहे.

५

असे म्हणण्याची वैचारिक तयारी मराठीत ज्यांनी केली, त्यांत र. धों. कर्वे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू करणाऱ्या आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवणाऱ्या कर्व्यांनी स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला आणि शस्त्रक्रिया करून घेतली. मालतीबाईंची त्याला साथ होती. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. कर्व्यांचा विषय कामसुख होता, करमणूक नव्हे. परंतु त्यांच्या युक्तिवादाची रचना येथे उपयोगी पडते. सुखाचे समर्थन त्यातून निपजणाऱ्या फळाने व्हावे, ही अट त्यांनी अमान्य केली. कोणाला इजा होत नसेल तर सुख हे स्वतःच पुरेसे कारण आहे, अशी ती भूमिका होती. पाळणा नाकारणे म्हणजे सुख नाकारणे नव्हे, हे मराठीत प्रथम इतक्या निःसंदिग्धपणे त्यांनी सांगितले. हा विचार मराठी कथात्म साहित्यात मात्र फारसा रुजला नाही. तेथील निरपत्य पात्र सहसा एक तर झुरते, नाहीतर कार्याला वाहून घेते. केवळ मजेत आहे असे ते क्वचित दिसते.

हिंदीत कृष्णा सोबती यांच्या 'समय सरगम' (२०००) या कादंबरीने ही कोंडी काही अंशी फोडली. दिल्लीत राहणारी अविवाहित, वयोवृद्ध आरण्या आणि विधुर ईशान यांची मैत्री हा तिचा विषय. आरण्येचे आयुष्य उणिवेच्या भाषेत सांगायला सोबती नकार देतात. फिरणे, खाणे, बोलणे, ऋतू पाहणे या साध्या गोष्टींत ती रमते. भोवताली मुलेबाळे असलेले वृद्ध अधिक एकाकी आणि असुरक्षित दिसतात, हा विरोधही कादंबरीत आहे. निरपत्य स्त्रीच्या आनंदाला त्यागाचे किंवा कार्याचे तारण लागत नाही, हे या कादंबरीने दाखवले. ती पाळण्यात बसत नाही. पण ती बाकावरची साक्षीदारही नाही.

६

आता आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मनोरंजन-उद्यान ही जत्रा नव्हे. ती तिकीट लावून विकलेली, कुंपणातली जत्रा आहे. झाँ बोद्रियार याने १९८१ साली डिस्नेलँडविषयी केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. हे बालिश जग मुद्दाम उभारले जाते, ते 'खरे' जग आणि 'खरे' प्रौढ बाहेर आहेत असा भास टिकवण्यासाठी. वस्तुतः बालिशपणा सर्वत्रच आहे. हे विवेचन भेदक आहे, यात शंका नाही. पण त्यात खेळ आणि बालिशपणा यांचे समीकरण तपासल्याविना स्वीकारलेले आहे. 'मुले नाहीत, मग तिथे काय काम?' असे विचारणारा शेजारी आणि उद्यानातील प्रौढाला बालिश ठरवणारा सिद्धान्तकार, हे या एका मुद्द्यावर एकत्र येतात. दोघांच्याही मते खेळ मुलांच्या मालकीचा असून प्रौढाने तो फक्त उसना घ्यावा. प्रत्यक्ष उद्यान मात्र वेगळे सांगते. तेथील सर्वांत थरारक यंत्रांना किमान उंचीची अट असते. ज्यांच्यासाठी हे सारे असल्याचे सांगितले जाते, त्या लहान मुलांनाच तेथे मज्जाव असतो.

दिल्लीतील पहिल्या उद्यानाचे नावही या दृष्टीने बोलके आहे. १९८२ च्या आशियाई खेळांचे बोधचिन्ह असलेल्या हत्तीच्या पिल्लावरून 'अप्पू घर' हे नाव पडले. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, म्हणजे शहरातील शीखविरोधी हत्याकांडानंतर जेमतेम पंधरवड्याने, प्रगती मैदानाजवळ ते उघडले आणि २००८ साली बंद झाले. 'पिल्लू' आणि 'घर' या दोन शब्दांनी ते कुटुंबाच्या चौकटीत बसवले गेले. घराघरांतून माणसे ओढून मारली गेली त्या शहरात पिल्लाचे 'घर' उभे राहावे, या योगायोगावर अधिक भाष्याची गरज नाही. १९८९ साली मुंबईत गोराईला सुरू झालेल्या आणि २०२२ साली बंद पडलेल्या एस्सेलवर्ल्डच्या लोकप्रिय जाहिरातगीतातला 'मी' मात्र घरी परतायलाच नकार देतो. दोन्ही व्यापारी उपक्रमच. परंतु एक घराचे आश्वासन देतो, तर दुसरा घरापासून सुटकेचे. अपत्यमुक्त प्रौढाची जागा या दुसऱ्या कल्पनेत सापडते, हे मान्य करताना ती जागा तिकीट परवडणाऱ्यांनाच मिळते, हेही मान्य केले पाहिजे. वारीतल्या फुगडीला तिकीट नव्हते.

७

सारांश, आपल्या कथनपरंपरेत प्रौढाच्या खेळाला तीन परवाने मिळाले : मूल, व्रत आणि भक्ती. अपत्यमुक्त प्रौढ यांपैकी कोणताही दाखवत नाही, म्हणून तो वाचकाला अपूर्ण, अपरिपक्व किंवा दुःख लपवणारा वाटतो. हा दोष त्या व्यक्तीचा नसून आपल्या वाचनसवयींचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने ही सवय ओळखणे अगत्याचे आहे. कारण निरपत्य पात्राच्या हसण्यात रडणे शोधणारे वाचन त्या पात्राचा स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार काढून घेते, आणि असेच वाचन आपण पुढे माणसांचेही करतो.

'पाळणा' हा शब्द 'पाळणे' या क्रियेशी नाते सांगतो. पाळणे म्हणजे सांभाळणे, वाढवणे. जत्रेतल्या पाळण्यालाही मराठीने तेच नाव देताना, प्रौढालाही कधीतरी कोणी झुलवावे लागते, ही जाणीव नकळत नोंदवली असावी. घरातला पाळणा रिकामा ठेवणाऱ्यांनाही या दुसऱ्या पाळण्यावर तितकाच हक्क आहे. भाषेत ती जागा पूर्वीपासून आहे. कथेत ती अजून व्हायची आहे.