पाच मोजेपर्यंत

गुडघ्याच्या वाट्या बदलल्यावर करायच्या व्यायामांत मला सर्वांत देखणा वाटतो तो पहिलाच. पाय गादीवर सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची बारीक गुंडाळी. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही.

आष्ट्यात आमच्या शेजारच्या आक्कांना ऑपरेशननंतर हे करताना मी जवळून पाहिलं. फिजिओ पोरगी म्हणाली, “आज्जी, दाबा गुडघा.” “दाबलाय की गं!” आक्का म्हणाल्या. मुठी वळलेल्या, श्वास रोखलेला. मांडी मात्र मऊच. उभा जन्म उसाच्या भांगलणीत काढलेल्या बाईचं तिची मांडी ऐकत नव्हती.

ऑपरेशननंतर सुजलेल्या सांध्यातून निघणारे संदेश मज्जारज्जूतल्या पेशींना आवर घालतात. मांडीच्या पुढच्या चार पेडी स्नायूपर्यंत मेंदूचा हुकूम पुरता पोचत नाही. पहिल्या महिन्यात त्याची ताकद ऑपरेशनआधीच्या निम्म्यावर येते, पुष्कळांची त्याहूनही खाली. त्या पोरीने आक्कांचाच तळहात वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला ठेवला. “श्वास सोडत दाबा. हिथं टणक लागलं पाहिजे.” काही खेपा फुकट गेल्या. मग हाताखाली एक बारीक गाठ उठली आणि वाटी केसभर वर सरकली. आक्कांच्या डोळ्यांआधी ते हाताला कळलं. त्या व्यायामातला सगळा रस मला त्या केसभर सरकण्यात दिसतो.

आमचा मुलूख तालमींचा. जवळच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. इथे ताकद बैठकांच्या आकड्यात मोजतात. पाच सेकंदांच्या आवळण्याला दाद द्यायची सवय नाही. ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तेव्हा तो बदलणाऱ्या डॉ. चित्तरंजन राणावत यांचं नाव घरोघरी गेलं. नंतरच्या व्यायामाबद्दल कोणी चार वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

मात्र नुसत्या आवळण्यावर थांबणंही मला पटत नाही, आणि पुष्कळ घरांत तसंच होतं. “आता चालतंय की” म्हणून टॉवेल कपाटात जातो. 1945 मध्ये अमेरिकेतले डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी वजनं वाढवत नेऊन स्नायू सावरण्याची पद्धत मांडली. त्यांचे रुग्ण जखमी सैनिक होते, त्यांत गुडघ्याचे पुष्कळ. स्वतः डीलॉर्म तरुणपणी दुखण्यातून उठल्यावर वजनं उचलूनच सावरले होते. भार वाढवल्याशिवाय स्नायू वाढत नाही, हे तत्त्व सत्तर वर्षांच्या गुडघ्यालाही लागू आहे. वाढवायचा तो फिजिओच्या नजरेखाली, सूज आणि दुखणं बघून.

आक्कांच्या घरी डंबेल नव्हतं आणि लागलंही नाही. खुर्चीतून उठणं हाच भार. आधी खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची. इथे बघण्यासारखं असतं ते पाऊल. ऑपरेशनचं पाऊल हळूच पुढे सरकतं आणि सगळं ओझं चांगल्या पायावर जातं. माणूस उठतो, पण दुबळी मांडी आयतीच सुटते. आक्कांची ती खोड पोरीने बरोबर पकडली. पाऊल मागे घेऊन दुसऱ्याच्या रांगेत आणलं, हात छातीशी घ्यायला लावले. अर्ध्यातच मांड्या थरथरल्या. “आता खरं उठलासा,” ती म्हणाली.

अवघड राहतं ते खाली येणं. बसताना आणि जिना उतरताना मांडीला ताणत जाऊन भार पेलावा लागतो, धपकन सोडून चालत नाही. माडीवर चढताना आक्का आता चांगला पाय आधी टाकतात, उतरताना ऑपरेशनचा. कठडा अजून धरतात. तो सोडायची घाई त्या पोरीला नाही, आणि तिचं मला पटतं.