पर्यावरणाचा अनिवार्य अभ्यासक्रम : एक परीक्षण

पदवीच्या सर्व शाखांतील विद्यार्थ्यांना पर्यावरणाच्या अभ्यासाचा परिचय व्हावा, या हेतूविषयी दुमत होण्याचे कारण नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या आदेशात या उपक्रमाचे मूळ आहे. पुढे २००३ साली न्यायालयाच्याच आग्रहामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम पुढे आला. पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. एखादा विषय विद्वानांच्या आग्रहाने नव्हे, तर न्यायालयाच्या आदेशाने विद्यापीठाच्या दारात यावा, ही गोष्ट असाधारण खरी. परंतु आदेशाने विषय अनिवार्य होतो. तेवढ्याने त्याचा अभ्यास होतोच असे नाही.

परीक्षणाला काही निकष हवा. तो १९७७ साली त्बिलिसी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने घालून दिलेला आहे. जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग अशी पर्यावरण-शिक्षणाची पाच उद्दिष्टे या परिषदेने सांगितली. २००३ च्या अभ्यासक्रमाची मांडणी या निकषावर पाहिली असता, त्याचा भर पहिल्या दोन उद्दिष्टांवर आहे हे ध्यानात येते. एकूण ५० तासिकांपैकी ४५ तासिका नैसर्गिक साधनसंपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, लोकसंख्या इत्यादी विषयांवरील व्याख्यानांना दिल्या आहेत. क्षेत्रकार्य हा आठवा, म्हणजे अखेरचा घटक असून त्याच्या वाट्यास अवघ्या ५ तासिका येतात. गुणांच्या वाटणीत मात्र १०० पैकी २५ गुण याच घटकाला आहेत. ज्याचे महत्त्व गुणपत्रिकेत चतुर्थांश मानले, त्याला वेळ मात्र एकदशांश दिला, ही विसंगती क्षुल्लक नव्हे.

या घटकाचा तपशील पाहिल्यास ती अधिकच खटकते. परिसरातील नदी, वन, गवताळ प्रदेश वा डोंगर यांची नोंद करणे, प्रदूषित स्थळाला भेट देणे, नेहमीच्या वनस्पती, कीटक व पक्षी ओळखणे, तळे किंवा डोंगरउतार यांसारख्या साध्या परिसंस्थांचे निरीक्षण करणे, एवढे सारे त्यात अपेक्षित आहे. म्हणजे अभ्यासक्रमकर्त्यांना या विषयाचे मर्म कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. ते कळूनही त्यांनी त्याला शेवटच्या पाच तासिकांत बसविले, हा खरा आक्षेप आहे.

वर्ग मोठे, शिक्षक अन्य विषयांचे आणि वेळ थोडा, असे समर्थन यावर केले जाईल. ही अडचण खरी आहे; परंतु तिच्यातच एक संधीही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांच्या समित्यांनी लोकांशी विचारविनिमय करून जैवविविधता-नोंदवही सिद्ध करावयाची असते. हे काम एकट्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे नाही. गायरान, देवराई, पाणवठा, किंवा पांझरा नदीच्या काठची फड-पद्धती या शब्दांमागे साधनांच्या वाटपाची एकेक व्यवस्था उभी आहे. ती उलगडण्यास भाषेचा, इतिहासाचा आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी तितकाच उपयोगी आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क २००९ साली मिळविणाऱ्या या गावात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालत आला आहे. तेथे अभ्यास निर्णयासाठी होतो, म्हणून तो टिकतो. महाविद्यालयात तो परीक्षेसाठी होतो, म्हणून परीक्षेबरोबर संपतो.

परिभाषेचाही येथे विचार केला पाहिजे. १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाने विकासाची जी कल्पना मांडली, तिच्या पोटी दोन विचार होते : एक, गरजांचा, त्यातही जगातील गरिबांच्या गरजांचा, दुसरा, मर्यादांचा. मराठीत या कल्पनेसाठी 'शाश्वत विकास' हा शब्द रूढ झाला. परंतु शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. मर्यादेची जाणीव देणाऱ्या संकल्पनेला अमर्यादतेचे नाव मिळावे, हा विरोधाभास होय. हिंदीतील 'धारणीय' हा पर्याय कानाला रुक्ष लागला, तरी काय सोसवेल आणि किती काळ, हा प्रश्न तो जागा ठेवतो. रूढ शब्द आता बदलणे कठीण आहे. परंतु त्याचा अर्थ शिकविताना तरी हा भेद विद्यार्थ्यापुढे ठेवणे शक्य आहे.

आयोगाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या आराखड्यात हवामानबदलास स्वतंत्र स्थान मिळाले आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि क्षेत्रकार्य तेथेही शेवटीच येते. प्रश्न केवळ तासिकांचा नाही, क्रमाचा आहे. विद्यार्थ्याने आधी आपल्या गावचा ओढा पाहावा, त्याचे पाणी कोठून येते, कोण वापरते आणि कोण दूषित करते याची नोंद करावी, आणि मग प्रदूषणाची व्याख्या वाचावी. असे झाले तर व्याख्या त्याला उत्तर म्हणून भेटेल. आज ती पाठ करण्याचा मजकूर म्हणून भेटते. हा क्रम बदलण्यास न्यायालयाच्या आणखी एका आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना तेवढा अधिकार आजही आहे.