शब्दार्थांची वही

पनवेल तालुक्यातले, पाताळगंगेच्या काठचे आपटा हे गाव रोह्याच्या गाडीने जाणाऱ्यांना ठाऊक असेल. व्याकरणाच्या दृष्टीने हे नाव मोठे गमतीचे आहे. गावाचे म्हणून ते विशेषनाम. दसऱ्याला ज्याची जोडपाने आपण सोने म्हणून लुटतो त्या झाडाचे म्हणून सामान्यनाम. आणि ‘नारळ दगडावर आपटा’ म्हटले की तोच शब्द आज्ञार्थी क्रियापद होतो. मग ‘आपटा’ या शब्दाची जात कोणती? वाक्य न पाहता जो उत्तर देईल तो फसला.

पाचवी-सातवीतल्या मुलांची इंग्रजी शब्दार्थांची वही नेमकी अशीच फसते. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मध्ये एक रेघ. ‘लाइट’ म्हणजे उजेड, हे मुलगा इमानाने घोकतो. पुढे धड्यात हलकी पिशवी ‘लाइट’ निघते, कुणी दिवा ‘लाइट’ करतो, आणि बिचारा उजेडातच चाचपडतो! ‘अंडर’ म्हणजे खाली, हेही त्याला पाठ असते. म्हणून ‘खाली बस’चे इंग्रजी तो ‘सिट अंडर’ असे करतो. आपण हसतो, पण वहीने जे शिकविले तेच त्याने केले. मराठीत ‘खाली’ झाडाच्या मागून येते, इंग्रजीत ‘अंडर’ झाडाच्या आधी, हेही ती वही त्याला सांगत नाही.

या बाबतीत तर्खडकरांची जुनी भाषांतर पाठमाला अधिक शहाणी होती. तिने शब्द एकटा सोडला नाही. त्याच्यामागे वाक्ये दिली आणि इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत अशी दुहेरी ये-जा करायला लावली. तिची वाक्ये सुटी-सुटी, एकमेकांशी ओळख नसलेली, हा तिचा दोष खराच. परंतु शब्द कामाला लागल्यावाचून कळत नाही, हे मर्म तिने ओळखले होते.

वहीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. भरलेल्या वर्गात ती तपासायला सोपी, आणि परीक्षेत अर्थ विचारला की गुण हमखास. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाले. पाचवीत येईतो मुलाच्या गाठीशी चार वर्षांचे इंग्रजी असते. तरी पुष्कळ घरी वही तीच! शहरातल्या मुलाच्या कानावर इंग्रजी इतर वाटांनीही पडते. ज्याच्या घरी ते कुणी बोलत नाही, त्याची सारी भिस्त या वहीवर. म्हणून तिचा उणेपणा त्यालाच अधिक भोवतो.

फराळ आटोपल्यावर मुलाची वही मागून घ्या. अर्थाच्या पलीकडे आणखी एक रेघ ओढा आणि प्रत्येक शब्दाचे एक वाक्य त्याच्याकडूनच, आपल्या गावचे, आपल्या घरचे, लिहवून घ्या. शब्दाची जात त्याला त्या वाक्यात आपोआप सापडेल.