विठाबाई : कहाणी आणि कला

आमच्या रांजणगावात कुणापाशीही विठाबाई नारायणगावकरांचे नाव काढा, एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. दिवस भरलेले असताना बाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. आत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. सांगणाऱ्याचा कंठ दाटतो, घरातल्या लेकीसुना हळहळतात. पण बाई काम कसे करीत, हे विचारले की सारे गप्प!

माझी तक्रार नेमकी हीच आहे. रशियात वेरा कोमिसार्झेव्हस्काया नावाची थोर नटी होऊन गेली. १९१० साली दौऱ्यावर असतानाच ताश्कंदला देवीच्या रोगाने ती गेली. मरण करुण खरे. परंतु रंगभूमीच्या इतिहासात तिचे नाव येते ते १८९६ साली चेखवच्या नाटकातली नीना तिने प्रथम उभी केली म्हणून. तिची भूमिका उरली. आपण मात्र विठाबाईंच्या वेणाच तेवढ्या जपल्या.

१९३५ साली पंढरपुरास जन्मलेल्या विठाबाई वडील आणि चुलते यांच्या फडात वाढल्या. ढोलकीफडातल्या नटीची कसोटी मोठी कठीण. गणानंतर गवळणीत ती मथुरेच्या बाजाराला निघालेली अवखळ गौळण. पुढे ढोलकीच्या तोडीस तोड लावणी. आणि रात्र चढल्यावर वगातली राणी किंवा टाकलेली बायको. लेखी संवादांचा आधार बेताचाच. सोंगाड्याने टाकलेला शब्द तिथल्या तिथे परतवायचा, आणि तोही पार मागे ढेकळांत बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत पोचवायचा. हा अभिनय नव्हे तर काय?

स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या म्हणून १९३३ सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा त्याच्या कितीतरी आधी बोर्डावर उभी होती. ती मोजणीत येत नाही, कारण मोजणारे तमाशाला रंगभूमीच मानीत नव्हते.

आता ती बाळंतपणाची गोष्ट पुन्हा ऐका. ती बाईंच्या सोशिकपणाची म्हणून आपण सांगतो. मला ती आपली, प्रेक्षकांची वाटते. खेळ मोडला तर फडाचे पोट मोडते, म्हणून बाळंतिणीला उभे राहावे लागले. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही बाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. २००२ साली त्या वारल्या. आज शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

पाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला जातात. नाचणाऱ्या मुली किती, हा त्यांचा पहिला सवाल असतो. वग कोणता आणि त्यात बाईचे काम कोण करते, हे त्यांनी आधी विचारावे. विठाबाईंचे ऋण थोडे तरी फिटेल.