आरमाराचा इतिहास आणि शांततेचीं वर्षें

आरमाराचा इतिहास म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच रात्र उभी राहते: ४ डिसेंबर १९७१ ची. 'निर्घात', 'निपात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्रनौका कराचीवर चालून गेल्या, 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडाली, आणि पुढें तो दिवस नौदल दिन ठरला. मराठींत दरवर्षीं डिसेंबरांत जें लेखन प्रसिद्ध होतें, तें बहुतेक याच रात्रीचें. त्यांतील आवेशाविषयीं आमची तक्रार नाहीं; पराक्रम झाला, तो अवश्य गावा. परंतु विजय कसा सिद्ध झाला हें जो सांगत नाहीं तो इतिहास नव्हे, पोवाडा होय. आणि चांगल्या शाहिरासहि निदान घोडा कोठून आला हें ठाऊक असतें.

सहा वर्षें मागें जाऊन पाहावें. १९६५ च्या सप्टेंबरांत ७ तारखेच्या रात्रीं पाकिस्तानचीं सात जहाजें द्वारकेसमोर आलीं आणि तोफा डागून निघून गेलीं. बहुतेक गोळे मोकळ्या जमिनींत पडले. हानि किरकोळ, मानहानि मात्र मोठी. 'विक्रान्त' तेव्हां सुक्या गोदींत होती. 'तलवार' जवळच ओख्यास होती, पण तिचें यंत्र नादुरुस्त. शिवाय पोरबंदरच्या उत्तरेस जाऊन आरमारानें स्वतः होऊन कांहीं करूं नये, अशी दिल्लीची आज्ञा! आरमार तेंच, खलाशीहि त्याच मातीचे. मग १९६५ चें मौन आणि १९७१ ची गर्जना यांमध्यें काय घडलें? या प्रश्नास आमचे डिसेंबरी लेखक हातच लावीत नाहींत.

उत्तर अगदींच गद्य आहे. माणसें रशियास जाऊन परकी भाषा व परकें यंत्र शिकून आलीं. १९७१ च्या आरंभीं क्षेपणास्त्रनौका आल्या, तेव्हां त्या जहाजावरून उतरविण्याजोगी जड यारी मुंबईस नव्हती. म्हणून त्या कलकत्त्यास उतरवून, सारा किनारा वळसा घालून दोरानें ओढीत मुंबईस आणाव्या लागल्या. या नौका मुळांत किनाऱ्याच्या रक्षणासाठीं घडविलेल्या. त्यांचा पल्ला तोकडा. पण कलकत्त्याहून इतक्या दूर ओढून आणतां येतात, तर कराचीच्या दिशेनेंहि ओढून नेतां येतील, हा विचार त्या कंटाळवाण्या प्रवासांतूनच पुढें आला. एका यारीच्या अभावांत एका विजयाचें बीज असावें, ही गोष्ट कोणत्याहि कादंबरीकारास मोह पाडील अशी आहे.

हा सर्व तपशील व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांच्या 'ट्रँझिशन टु ट्रायम्फ' या १९६५ ते १९७५ च्या इतिहासांत सांपडतो. ते स्वतः १९७१ सालीं पश्चिम ताफ्याचे मोहीम-अधिकारी होते. ग्रंथ बोजड आहे, पुनरुक्ति पुष्कळ आहे, सरकारी संकोचहि जागोजाग जाणवतो. ललित वाचनाची अपेक्षा ठेवणारानें तिकडे न फिरकणेंच बरें. परंतु गोद्या, सुटे भाग, दुरुस्ती, शिक्षण यांस युद्धाइतकीच जागा देण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, आणि शत्रुपक्षाचे वृत्तान्तहि वाचकांपुढें ठेविले. आम्ही हा ग्रंथ आदर्श मानीत नाहीं. त्याची दृष्टि मात्र आदर्श मानतों.

या दृष्टीची खरी कसोटी 'खुकरी'च्या प्रकरणांत लागते. ९ डिसेंबर १९७१ रोजीं दीवजवळ 'हंगोर' या पाणबुडीनें ती बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपलें जहाज न सोडतां त्याच्याबरोबर गेले, ही कथा सर्वांस पाठ आहे. पण पाणबुडीस जितक्या अंतरावरून 'खुकरी' ऐकूं येत होती, तितक्या अंतरावरून 'खुकरी'स पाणबुडी ऐकूं येत नव्हती, ही गोष्ट कितींस पाठ आहे? तो बहिरेपणा त्या रात्रीं उत्पन्न झाला नव्हता. कोणतें यंत्र केव्हां घ्यावयाचें, कशावर खर्च करावयाचा, हे निर्णय शांततेच्या वर्षांत कचेऱ्यांमध्यें होत असतात. कप्तानाच्या धैर्याची स्तुति करून जो लेखक तेथेंच थांबतो, तो नकळत त्या कचेऱ्यांस दोषमुक्त करतो. त्या १९४ जणांचें ऋण अशा स्तुतीनें फिटत नाहीं.

१९४६ चें बंडहि असेंच. महायुद्ध संपून वर्षहि झालें नव्हतें. १८ फेब्रुवारीस मुंबईच्या 'तलवार' या संदेशविद्येच्या शाळेंत (हें नांव जहाजाचें नव्हे, किनाऱ्यावरील ठाण्याचें) निकृष्ट अन्न आणि अपमानाची भाषा यांवरून खलाशांनीं काम थांबविलें. पांच दिवसांत ७८ जहाजें व सुमारें २०,००० माणसें त्यांत ओढलीं गेलीं. राजकीय भावना होतीच. पण सुरुवात ताटापासून झाली. पगार आणि जेवण यांचा हिशेब क्षुद्र मानणाऱ्या इतिहासकारास हें बंड आकाशांतून पडल्यासारखें वाटणारच.

महाराष्ट्रानें तर या बाबतींत अधिक सावध असावयास हवें. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोचीस नवी 'विक्रान्त' दाखल झाली, त्याच समारंभांत शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति नौदलाच्या ध्वजावर आली. आम्हांसहि आनंद झाला. परंतु त्या परंपरेचा शेवट कसा झाला? १७२९ सालीं कान्होजी वारले, मुलांत भाऊबंदकी माजली, कुलाबा व विजयदुर्ग असे दोन तुकडे झाले. शेवटीं पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं एका जहाजास लागलेली आग शेजारच्या गलबतांत पसरून तुळाजीचें आरमार जळालें. दोष पेशव्यांचा कीं तुळाजीचा, यावर आमच्याकडे रकानेच्या रकाने भरतात. मधल्या सत्तावीस वर्षांत सागवान कोठून येत होतें, खलाशांचा पगार कोण चुकवीत होतें, यावर कोणी चार ओळी लिहील तर शपथ!

ही उणीव आतां तरी भरून काढतां येण्यासारखी आहे. 'नीलगिरी' ही फ्रिगेट मुंबईच्या माझगांव गोदींत बांधली गेली. १९६८ सालीं ती पाण्यांत उतरली आणि ३ जून १९७२ रोजीं, म्हणजे युद्ध संपून सहा महिने झाल्यावर, आरमारांत दाखल झाली. कोणत्याहि रणगीतांत तिचें नांव नाहीं. एवढें मोठें लढाऊ जहाज स्वदेशांत प्रथमच बांधावयाचें, तें कोणत्या अडचणींतून, हें अधिकाऱ्यांनीं इंग्रजींत थोडेंबहुत लिहिलें आहे. जोडारी, सुतार, तारतंत्री यांची मराठी साक्ष घ्यावयाची राहिली आहे. त्या वेळीं विशींत असलेले ते कामगार आज ऐंशीच्या घरांत आहेत.