स्मार्टफोन : मराठीचा नवा लेखनिक

१

स्मार्टफोनविषयीच्या तक्रारी आता सर्वपरिचित झाल्या आहेत. त्याची बॅटरी दिवसभर पुरत नाही, हातातून निसटला की काच फुटते, विकत घेऊन वर्ष दोन वर्षे होतात न होतात तोच तो जुना ठरतो, आणि एकाग्रतेने वाचावयास बसलेल्या माणसाला तो पाच मिनिटेही स्वस्थ बसू देत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या उपकरणाच्या तक्रारी आहेत. बॅटरी सुधारेल, काच टणक होईल, सूचनांचा घंटानाद बंद ठेवता येईल. प्रस्तुत लेखात जिचा विचार करावयाचा आहे ती उणीव याहून निराळ्या जातीची आहे. स्मार्टफोनवर लिहिलेला मजकूर सर्वस्वी लिहिणाऱ्याचा नसतो. लिहिणारा आणि त्याचे लेखन यांच्यामध्ये एक लेखनिक बसलेला असतो. तो दिसत नाही, मजकुराखाली आपले नाव घालीत नाही, आणि आपण कोठे हात फिरविला हे सांगत नाही. भाषेचा पुरावा म्हणून असा मजकूर जो वापरू पाहतो, त्याला या लेखनिकाची ओळख करून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका चुकीमुळे. आणि ती चूक बव्हंशी त्याची स्वतःचीच होती. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आप्तेष्टांच्या संमतीने त्यांचे फोनवरील संदेश जमविले व त्यांवर एक निबंध लिहिला. तिचे अनुमान असे, की 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' यांसारख्या शब्दांतील 'ऱ्य' हा जोडवर्ण लोप पावत असून त्याची जागा 'र्य' घेत आहे. निबंध नीटनेटका होता, उदाहरणे भरपूर होती, आणि प्रस्तुत लेखकाने त्यावर अनुकूल शेराही मारला. पुढे काही दिवसांनी तिने सहज आपल्या मावशीची एक हस्तलिखित चिठ्ठी दाखविली. संदेशांतून सर्वत्र 'करणार्या' लिहिणाऱ्या या बाईंनी चिठ्ठीत मात्र एकूण एक ठिकाणी 'ऱ्य' बिनचूक काढला होता. मग ज्यांचे संदेश निबंधात होते त्यांपैकी आणखी काहींकडून चार ओळी कागदावर लिहवून घेतल्या. हात चुकत नव्हता. चुकत होता तो फोन. 'ऱ्य' भाषेतून गेला नव्हता. तो कळफलकावरून गेला होता.

२

येथे क्षणभर वर्णविचाराकडे वळले पाहिजे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यांना विचारून भात लावा' आणि 'आचाऱ्यांना विचारून भात लावा' या दोन निरोपांत एका वर्णाचे अंतर आहे. परंतु लग्नघरात त्या अंतराला पुष्कळच महत्त्व आहे. 'र्य'मध्ये मागील अक्षरावर आघात येतो, 'ऱ्य'मध्ये तो येत नाही. तेव्हा हा भेद केवळ लेखनातील अलंकार नसून उच्चारात आणि अर्थात मुरलेला भेद आहे. 'ऱ्हस्व' आणि 'ऱ्हास' हे शब्द संस्कृतातील 'ह्रस्व' आणि 'ह्रास' यांपासून वेगळे लिहिण्याची मराठीची रीतही याच वर्णावर उभी आहे.

फोनमध्ये या वर्णाची काय व्यवस्था आहे? जगातील लिप्यांना संख्यासंकेत देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरी विभागाची मांडणी इस्की या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. तीत 'ऱ' या वर्णाला स्थान आहे; पण ते प्रामुख्याने द्राविडी भाषांतील एका वेगळ्या 'र'च्या लेखनासाठी, आणि त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा हा 'ऱ्'. याखेरीज साध्या 'र'ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य सांधकचिन्ह दिल्यानेही तेच रूप डोळ्यांना दिसते. म्हणजे एकाच दिसणाऱ्या अक्षराचे दोन संकेत झाले. वाचणाऱ्याला यातील फरक कळत नाही. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. विद्यार्थिनीच्या निबंधातील दुसरा दोष येथेच सापडला. तिने शोध घेतला तो पहिल्या संकेताचा. दुसऱ्या संकेतात लिहिलेले 'ऱ्य' तिच्या मोजणीत आलेच नाहीत. जे होते ते फोनने पुसले, आणि जे उरले होते ते शोधयंत्राने पाहिले नाही.

'ॲ' या स्वराची गतही अशीच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तत्पूर्वी 'अ'वर चंद्र देऊन तो लिहीत. आजही अनेक कळफलकांवरून तसा लिहिला जातो. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु एकाचा शोध घेणाऱ्याला दुसरे हाती लागेलच अशी खात्री नाही. इंग्रजीतून आलेल्या शब्दांच्या वारंवारतेवर लिहू इच्छिणाऱ्या संशोधकाने हे ध्यानात घेतले नाही, तर त्याचे कोष्टक पहिल्या ओळीपासूनच अविश्वसनीय ठरेल.

३

संकेतांचा हा घोळ जाणकाराला निस्तरता येतो. कळफलकाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. कारण तेथे मजकूर घडतानाच बदलतो.

पूर्वीच्या साध्या फोनवर एका संदेशात १६० रोमन अक्षरे मावत. देवनागरी लिहिताच ती मर्यादा ७० वर येई. त्यातही मोजणी वाचकाच्या दृष्टीने होत नसे. 'महाराष्ट्र' या शब्दात आपण चार अक्षरे पाहतो. काना, हलन्त वगैरे सुटे धरल्यास यंत्र त्यात दहा चिन्हे मोजते. मराठी माणसाने मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली तिच्या मुळाशी ही अडचणही होती. स्मार्टफोन आला, ती मर्यादा जाचक राहिली नाही, पण सवय राहिली. आज पुष्कळ लोक रोमन अक्षरे दाबतात आणि फोन त्यांची देवनागरी करून देतो.

ही सोय मोठी आहे, पण तिची किंमत पाहा. के, ए, एल ही तीन रोमन अक्षरे दाबली असता त्यांतून 'कल', 'कळ', 'काल' आणि 'काळ' असे चार मराठी शब्द संभवतात. 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण', 'त' आणि 'ट', ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद सरसकट वापरल्या जाणाऱ्या रोमन लेखनात उरतच नाहीत. तेव्हा चार शब्दांतून एकाची निवड कोणीतरी केली पाहिजे. ती प्रथम फोन करतो, आणि करतो ती त्याच्यापाशी साठविलेल्या मजकुरात कोणता शब्द अधिक वेळा व कोणत्या शब्दांच्या शेजारी आला आहे यावरून. घाईत असलेला माणूस पुढे आलेले रूप स्वीकारतो. हे स्वीकारलेले रूप पुन्हा लेखनात जाते, आणि उद्याचा कळफलक ज्या मजकुरावर घडेल त्या मजकुरात त्याची भर पडते. बहुप्रचलित रूप अशा रीतीने अधिक प्रचलित होते व विरळ रूप अधिक विरळ. भाषेत वारंवारतेचा प्रभाव नेहमीच असतो हे खरे. परंतु येथे वारंवारता ही भाषिक व्यवहाराचे फलित न राहता त्याचे कारण बनते.

बोलींच्या बाबतीत याचे परिणाम विशेष विचार करण्याजोगे आहेत. 'ण' आणि 'न' यांचा भेद राखणे वा न राखणे हे मराठी बोलींच्या अभ्यासातील एक महत्त्वाचे गमक आहे. वऱ्हाडीत 'डोळा' हा 'डोया' होतो, 'काळा' हा 'काया' होतो, हेही सर्वश्रुत आहे. आता एखादा वऱ्हाडी भाषक फोनशी बोलून मजकूर लिहवून घेऊ लागला, तर त्याने 'पानी' म्हटले तरी 'पाणी' उमटण्याचा संभव अधिक. कारण ही यंत्रणा ज्या लेखी मजकुरावर घडते त्यात प्रमाण रूपांचाच भरणा असतो. उलटपक्षी घरात स्पष्टपणे 'पाणी' म्हणणारी व्यक्ती रोमन अक्षरांतून लिहिताना 'पानी' हे हिंदी रूप पुढे आलेले स्वीकारते. म्हणजे एकाचा खरा 'न' पुसला गेला आणि दुसरीच्या नावावर खोटा 'न' मांडला गेला. या दोन संदेशांवरून भाषिक नकाशा काढू पाहणारा अभ्यासक नेमका उलटा नकाशा काढील.

४

या विवेचनावर काही आक्षेप संभवतात, आणि ते वजनदार आहेत.

पहिला असा, की लेखनातून भेद गेला म्हणून भाषेतून जात नाही. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसे; तरी शेकडो वर्षे दफ्तरे चालली आणि वाचणाऱ्यांचे अडले नाही. देवनागरीही सर्व भेद दाखवीत नाही. 'चमचा' आणि 'चमचे' यांतील दुसऱ्या 'च'चे उच्चार भिन्न आहेत, पण चिन्ह एकच आहे. फोनने हे शब्द मोठ्याने वाचताना गल्लत केली तर तो दोष एकट्या फोनचा नव्हे. हा आक्षेप मान्य आहे. किंबहुना प्रस्तुत लेखकाचे म्हणणे भाषा बुडाली असे नाहीच. फोनवरील मजकुरावरून भाषा बुडाली असे म्हणता येत नाही, एवढेच ते आहे. परंतु मोडीची मर्यादा लिहिणारा जाणत होता. ती लिपीची होती आणि सर्वांना समान होती. फोनची मर्यादा कळफलकागणिक बदलते, आणि नवी आवृत्ती आली की कोणालाही न विचारता पुन्हा बदलते.

दुसरा आक्षेप असा, की लेखनाचे नियम यापूर्वीही बदलले आहेत. बदलले, हे निःसंशय. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यावर वाद झाले, लेख लिहिले गेले, काहींनी ते नियम अखेरपर्यंत मानले नाहीत. पण कोणी, केव्हा आणि का बदल केला हे आज आपणांस सांगता येते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे कोणती, याचा निर्णयही शासनाने २००९ साली प्रकट रीतीने केला. फोनच्या पडद्यावर मात्र ही अक्षरे बहुधा हिंदी वळणानेच उमटतात. २०१६ च्या भारतीय मानकाने फोनवर २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा आणि हिंदी व इंग्रजी यांखेरीज किमान आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे अशी अपेक्षा नोंदविली, ती स्वागतार्ह आहे. तथापि अक्षर उमटते की नाही, हा एक प्रश्न झाला. ते कोणी निवडले, हा दुसरा.

तिसरी गोष्ट आक्षेप नसून कृतज्ञतेची नोंद आहे. शाळा सुटल्यावर ज्यांनी कधी मराठीची चार वाक्ये लिहिली नसती, असे असंख्य लोक आज फोनमुळे रोज मराठी लिहितात. असा मजकूर मागील कोणत्याही पिढीच्या भाषाभ्यासकाला लाभला नव्हता. म्हणूनच तो निष्काळजीपणे वापरणे हे मोठे नुकसान आहे.

५

मार्ग नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले आहेत हे ओळखून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. राजवाडे यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली व तिचे व्याकरणही लिहिले. पोथीतील रूप ग्रंथकाराचे की लेखनिकाचे, हा प्रश्न विचारल्यावाचून पाठचिकित्सेचे पहिले पाऊलही पडत नाही. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील नमुने पुष्कळ अंशी अधिकाऱ्यांमार्फत लिहून मागविलेले होते. म्हणून बोलणारा व कागद यांमध्ये असलेला कारकून आपण आजही हिशेबात धरतो. घाटगे यांनी १९६० नंतरच्या दशकात मराठी बोलींची पाहणी केली, तेव्हा रूपे भाषकाच्या तोंडून ऐकून ध्वनिलिपीत नोंदली गेली. पोथीच्या लेखनिकाला आणि कचेरीतील कारकुनाला जी कसोटी आपण लावतो, तीच फोनला लावावयास हवी.

यास्तव आपल्या विभागात फोनवरील मजकूर साधनसामग्री म्हणून वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक नमुन्यासोबत चार गोष्टी नोंदवाव्यात, अशी सूचना आहे. मजकूर कोणत्या कळफलकावर लिहिला. देवनागरी कळा दाबून, रोमनमधून की बोलून. सुचविलेले शब्द व आपोआप दुरुस्ती चालू होती की बंद. आणि त्याच व्यक्तीच्या हस्ताक्षरातील थोडा मजकूर उपलब्ध आहे काय. याशिवाय मोजणीपूर्वी एका अक्षराचे सर्व संकेत एकरूप करून घ्यावेत. काम वाढेल, हे मान्य आहे; परंतु त्यावाचून निघालेला निष्कर्ष मराठीविषयी आहे की एखाद्या कळफलकाविषयी, हे निश्चयाने सांगता येणार नाही.

ज्या निबंधापासून ही चर्चा सुरू झाली तो विद्यार्थिनीने नव्याने लिहिला. त्यात आता 'ऱ्य'च्या लोपाची वार्ता नाही. एक भेद हातात टिकून असताना पडद्यावर कसा मावळतो, याची हकीकत आहे. पहिल्या निबंधावरील अनुकूल शेरा प्रस्तुत लेखकाने मागे घेतला आहे. तो त्याने कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्यामुळे त्याचा दोष फोनवर ढकलण्याची सोय राहिलेली नाही.